जागा मालकाची, हवा कुणाची?



मागे एकदा बाजारच्या दिवशी आटपाडीतल्या एका चहाच्या हॉटेलात बसलो होतो. सोबत दम्याचा त्रास असलेले एक नातेवाईक होते. शेजारच्या बाकावर शेळ्यांचा सौदा चालला होता आणि दोघे-तिघे विडी ओढत होते. भिंतीवर धूम्रपान निषिद्ध असल्याची पाटी होती, पण तिचा अर्धा भाग कॅलेंडरने झाकला होता. मी मालकांना म्हणालो, "यांना जरा बाहेर जाऊन ओढायला सांगा की." ते हसून म्हणाले, "गुरुजी, हाटेल माजं, गिऱ्हाईक माजं. तुमास्नी धूर सोसंना तर भाईर बाकडं टाकून देतो." आणि खरोखरच त्यांनी बाकडे टाकून दिले. चहाचे पैसेही घेतले नाहीत.

मला राग आला, पण त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे आहे असे म्हणता येईना. कर्ज काढून, पत्रे टाकून माणूस चार भिंती उभ्या करतो. तिथे काय चालावे हे त्याने ठरवले तर बिघडले कुठे? पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली 'रेरुम नोवारुम' या विश्वपत्रात खासगी मालमत्तेच्या हक्काची बाजू ठामपणे घेतली होती. ज्याला धूर नको त्याने दुसऱ्या हॉटेलात जावे, हे ऐकायला सरळ वाटते.

पण जाऊ शकतो तो गिऱ्हाईक. भट्टीपाशी कपबशा विसळणारा पोरगा सकाळी सातपासून रात्रीपर्यंत त्याच धुरात उभा असतो. त्याने कुठे जायचे? जागा मालकाची असेल, त्याच्या छातीत जाणारी हवा मालकाची कशी? पोप जॉन पॉल दुसरे म्हणत की, खासगी मालमत्तेवर समाजाचे गहाण असते. गहाण म्हणजे काय हे आपल्या दुष्काळी भागात समजावून सांगावे लागत नाही. सातबारा आपल्या नावावर असतो, पण त्यावर दुसऱ्याचाही बोजा असतो.

आपल्या देशात हा प्रश्न न्यायालयात नेला तो मुंबईच्या मुरली देवरा यांनी. 2 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालये, शाळा, ग्रंथालये, कचेऱ्या, बस-रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. जो स्वतः ओढत नाही त्याने दुसऱ्याच्या धुराने का मरावे, हा त्यामागचा विचार. पुढे 2003 चा कायदा झाला आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून हॉटेले व कामाच्या जागांनाही नियम लागू झाले. त्यात मोठ्यांसाठी सवलत आहे. तीस खोल्यांच्या किंवा तीस आसनांच्या हॉटेलाला धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवता येते. आमच्या चार बाकड्यांच्या हॉटेलाला ती सोय नाही, हे मला थोडे खटकते.

मालकाची बाजू न्यायालयांनी ऐकली नाही असेही नाही. मुंबई महापालिकेने 2011 मध्ये परवान्याच्या अटींत घुसवून हुक्का बंद करायला सुरुवात केली. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली, कारण ती मूळ कायद्याच्या पलीकडे जात होती. राज्याने 2018 मध्ये कायद्यातच दुरुस्ती केली, तेव्हा हुक्का पार्लरवर बंदी आली. मनाई करायचीच तर ती ज्याचा अधिकार आहे त्याने, सर्वांना सारखी करावी. साहेबाच्या मर्जीने नव्हे.

मग मनाई पाळायला कुणी लावायची? पोलीस उपनिरीक्षकाला दंड करता येतो, शाळेत मुख्याध्यापकांना करता येतो, दोनशे रुपयांपर्यंत. पण एका विडीसाठी पोलीस येणार नाहीत, आणि आलेच तर पावती मेंढक्याच्या नावाने फाटेल, जीपमधून उतरलेल्या पुढाऱ्याच्या नव्हे. कपबशा विसळणारा पोरगा वडीलधाऱ्यांना बोलू शकत नाही. मी बोललो, तर मला बाहेर बाकडे मिळाले.

उरतो मालक. कायद्यानेही त्यालाच धरले आहे: पाटी त्याने लावायची, राखदाणी वा काडेपेटी ठेवायची नाही, तक्रार कुणाकडे करायची त्याचे नाव लिहायचे, आणि तक्रार येऊनही काही केले नाही तर जितके गुन्हे तितका दंड त्याला. पूर्वी मला हा मालकावर अन्याय वाटे. आता वाटते, 'हाटेल माजं' या त्यांच्या बोलण्यातच उत्तर होते. ज्याची जागा त्याचाच शब्द तिथे चालतो. शिवाय शेजारच्या हॉटेलालाही तोच नियम असेल, तर 'माझ्या मनात नाही हो, पण कायदाच आहे' असे म्हणून त्याला गिऱ्हाईक न दुखवता सांगता येते. धंद्याचे नुकसान सोसून स्वतःहून ठरवणारेही असतात. पोप फ्रान्सिस यांनी 2018 पासून व्हॅटिकनमधली सिगारेटविक्री थांबवली, तेव्हा ते उत्पन्नावर पाणी सोडत होते.

राखण कुणी करायची याचा एक जुना प्रयोग आपल्याच शिवारात आहे. औंध संस्थानाच्या काळात मॉरिस फ्रिडमन यांच्या प्रेरणेने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर उभे राहिले, भिंतीवाचून कैद्यांची वसाहत. 'दो आँखें बारह हाथ' हा 1957 चा चित्रपट त्यावरच बेतलेला, आणि त्याची कथा आपल्या तालुक्यातल्या गदिमांची. कैद्यांना कसायला जमीन आणि सोबत बायकामुले दिली. राखायला स्वतःचे काही असले की माणूस स्वतःच राखणदार होतो, असा त्यामागे हिशेब होता.

कायदा मात्र उंबऱ्यापाशी थांबतो. घर हे सार्वजनिक ठिकाण नाही. तिथे पाटी नाही, पावती नाही, आणि बहुधा ओढणाराच घरचा मालक असतो. माझे वडील माजघरात बसून विडी ओढत. धाकट्याला खोकला झाला तेव्हा आईने त्याची झोळी आढ्यावरून सोडली आणि बाहेर सोप्यात, थंडीत नेऊन बांधली. त्यांनी काही विचारले नाही, ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वडील काडेपेटी घेऊन गोठ्याकडे गेले, आणि झोळी पुन्हा आत आली.