छताखालची जबाबदारी

आमच्या कासारसाईच्या बाजूला भाताची खाचरं, तेव्हा शेतकऱ्याजवळ एक हक्काचं वाक्य असायचं, "आवंदा पावसानं घात केला." बहुतेक वेळा ते खरंही असायचं. आता इथून मावळापर्यंत पांढरी पॉलिहाऊस दिसतात. आत जरबेरा, डच गुलाब. डोक्यावर प्लॅस्टिक आलं, पाऊस बाहेर राहिला अन् ते वाक्यही बाहेरच राहिलं.

पॉलिहाऊस चालवायला काय काय यावं लागतं? तळेगाव दाभाड्याला त्याचं प्रशिक्षण मिळतं. तांबड्या मातीचे गादीवाफे, सामू ५.५ ते ६.५, ठिबकातनं किती खत सोडायचं, पडदे कधी उघडायचे, लाल कोळी अन् भुरी कशी ओळखायची. १४ फेब्रुवारीचा बाजार धरायचा तर छाटणी डिसेंबरातच उरकावी लागते. तोडलेलं फूल लगेच पाण्यात अन् मग २ ते ४ अंशाच्या शीतगृहात. शिवाय बँकेचा हप्ता अन् मजुरांची हजेरी. हे सगळं शिकता येतं, दहावी शिकलेल्यालासुद्धा.

पण कसब म्हणजे एवढंच का?

फवारणीचं बघा. उघड्या रानात वारा औषध घेऊन जातो. पॉलिहाऊसात पडदे पाडलेले असले की ते आतच कोंडतं. सकाळी त्याच हवेत बाया तोडणीला शिरतात. डब्यावरचा त्रिकोण लाल होता का पिवळा, त्यांना कोण सांगतं? गुलाब थांबत नाही हे खरं. कळी उमलली की निर्यातीतनं बाद. बायांना थांबवलं तर तोटा मालकाचा, आत पाठवलं तर त्रास त्यांचा. मालकाचा तोटा संध्याकाळी वहीत दिसतो. बाईचं डोकं दुखलं तर म्हणायचं, ऊन लागलं असेल. म्हणजे पावसावर ढकलायची सोय गेली, पण उन्हावर ढकलायची शिल्लक आहेच की!

याला दयेपेक्षा नियोजन जास्त लागतं. संध्याकाळची तोडणी उरकल्यावर फवारणी, सकाळी पडदे उघडून हवा खेळू द्यायची, मग माणसं आत. जास्त थांबावं लागणारं औषध तोडणीच्या धुमाळीत घ्यायचंच नाही. हे तारखा मांडून आधी ठरवलं, तर गुलाब का बाई अशी निवड करायची वेळच येत नाही. ज्याचं ठरलेलं नसतं, त्याच्या गोंधळाची किंमत मजुराच्या अंगावर पडते.

सगळंच हातात असतं असं मी म्हणत नाही. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, फुलांना गिऱ्हाईक राहिलं नाही. पुढं ३ जूनला निसर्ग वादळ आलं अन् मावळातल्या कितीतरी पॉलिहाऊसांचा कागद फाडून गेलं. तिथं कुणाचं कसब चालणार होतं? त्याला दैव म्हणा. पण आपल्याच पंपातनं उडालेल्या औषधाला दैव म्हणू नये. छत आपण घातलंय, तर त्याखालची हवाही आपलीच.