दारापर्यंतचा रस्ता

गेल्या मे महिन्यात गाडी पहिल्यांदाच थेट अंगणापर्यंत गेली. एरवी बोचकी घेऊन पाणंद चढावी लागे. नव्या काँक्रीटवर उतरलो, तर वरच्या वाडीतल्या वहिनी डोईवर हंडा, कमरेवर कळशी घेऊन येत होत्या. थांबल्या, हसल्या. "बरं झालं हो भावोजी, आता गाडी दारात येते." बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते वाक्य अजून सलतंय.

तो रस्ता माझ्या मताने झालाय. मी राहतो डोंबिवलीत. मतदार यादीत नाव मात्र रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावचं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उमेदवाराने गाडी केली. आम्ही पंचवीसेक चाकरमानी रात्री निघालो, सकाळी मत दिलं, संध्याकाळी परतीला लागलो. बारमाही राहणारी माणसं मोजकीच उरलीत. आमच्या एका गाडीने निकाल फिरला. वरची वाडी नळपाणी योजना मागत होती. आम्हाला गणपतीला दारात गाडी हवी होती.

घरपट्टी भरतो, सातबाऱ्यावर नाव आहे, देवळाला वर्गणी देतो, असं मनाला समजावत आलो. पण १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० स्पष्ट सांगतं : केवळ घर मालकीचं आहे म्हणून कुणी मतदार यादीसाठी तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच होते. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. १ मेच्या ग्रामसभेच्या दिवशी मी गावातच असतो, कलमांवरचे आंबे उतरवत. एकदाही सभेला जाऊन बसलो नाही. आणि डोंबिवलीत, जिथे रोज कचऱ्यावरून चिडतो, तिथे महापालिकेला आजवर मत दिलेलं नाही.

माझा गावावर काहीच हक्क नाही, असं मला वाटत नाही. वणव्यात कलमं गेली तर नुकसान माझंच. घरपट्टी का वाढली हे विचारावं, ग्रामपंचायतीला पत्र लिहावं, माझं म्हणणं कुणी ऐकून घ्यावं, एवढं मी मागू शकतो. पण मार्चपासून ज्यांची विहीर तळाला जाते, त्यांच्या पाण्याच्या आड माझं मत आलं. याला माझ्याकडे उत्तर नाही.

नाव डोंबिवलीला हलवायचा आठ नंबरचा फॉर्म भरून ठेवलाय. गावच्या यादीत माझ्या वरच्या ओळीत आईचं नाव असायचं. सही अजून झालेली नाही.