निर्देशांचे नित्यकर्म

एखादे वाक्य लिहिले गेले त्या क्षणी ते सत्य होते, लिहिणाऱ्याच्या मनात कोणतेही कपट नव्हते, त्यानंतर त्या वाक्यातील एक अक्षरही कोणी बदलले नाही, आणि तरीही आज ते वाक्य असत्य आहे. अशा असत्याचे कर्तृत्व कोणाकडे जाते, हा प्रश्न वरकरणी तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला अभ्यासासाठी घालून दिल्यासारखा वाटेल. परंतु एखाद्या मोठ्या कंपाइलरच्या मार्गदर्शिकेतील परस्परनिर्देश तपासून दुरुस्त करण्याचे काम ज्याने अंगावर घेतले आहे, त्याच्यापुढे तो पानोपानी उभा राहतो, आणि मला तो धर्मविचारातल्या एका फार जुन्या प्रश्नाचा सख्खा भाऊ वाटतो.

जीसीसी या नावाने ओळखला जाणारा कंपाइलर रिचर्ड स्टॉलमन यांनी 1987 साली प्रथम प्रसिद्ध केला. मनुष्याने सी किंवा तत्सम भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमचे यंत्राला पाळता येतील अशा आज्ञांत रूपांतर करणे हे त्याचे काम. आणि या कामात त्याला शेकडो पर्याय सांगता येत असल्यामुळे त्या पर्यायांची कैफियत मांडणारी त्याची मार्गदर्शिकाही अवाढव्य झालेली आहे. ही मार्गदर्शिका टेक्सइन्फो नामक पद्धतीत लिहितात, जिच्यात मूळ मजकूर एकच असतो आणि त्यातून छापील पृष्ठे, पडद्यावर वाचायचा इन्फो ग्रंथ व जाळ्यावरची पाने अशी तिन्ही रूपे सिद्ध होतात. मजकुराचे तुकडे केलेले असतात, त्यांना नोड म्हणतात, आणि प्रत्येक नोडला 'वॉर्निंग ऑप्शन्स', 'ऑप्टिमाइझ ऑप्शन्स' असे स्वतःचे नाव असते. एका ठिकाणाहून दुसरीकडे वाचकाला पाठवायचे तर त्यासाठी तीन आज्ञा आहेत: वाक्याच्या आरंभी यायची ती एक्सरेफ, कंसात यायची ती पीएक्सरेफ, आणि वाक्याच्या ओघात कोठेही, केवळ नावापुरती यायची ती रेफ. यांपैकी पहिलीच्या पाठोपाठ स्वल्पविराम किंवा पूर्णविराम यावाच लागतो, कारण नाव नेमके कोठे संपले हे इन्फो वाचून दाखविणाऱ्या प्रोग्रॅमला त्या विरामचिन्हावरून कळावे अशी मूळ योजना होती. तो विराम राहिला तर मेकइन्फो हा साधनप्रोग्रॅम लगेच हरकत घेतो. इतक्या बारीक गोष्टीची इतकी दक्षता घेतलेली पाहिली म्हणजे या रचनेच्या कर्त्यांविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

परंतु यंत्राची दक्षता जेथे संपते तेथेच आपला प्रश्न सुरू होतो. नोडचे नाव बदलले आणि त्याच्याकडे बोट दाखविणारा एखादा निर्देश जुन्याच नावाने राहिला, तर अशा नावाचा नोड नाही असे मेकइन्फो स्पष्ट सांगतो. हा दोष उघड आहे आणि म्हणूनच तो फारसा घातक नाही. निर्देश दुसऱ्या स्वतंत्र मार्गदर्शिकेकडे, म्हणजे उदाहरणार्थ जीसीसीच्या वापराच्या पुस्तकातून त्याच्या अंतर्रचनेच्या पुस्तकाकडे, जात असेल, तर मात्र त्या परक्या दफ्तरात ते नाव आहे की नाही याची रुजुवात हा प्रोग्रॅम करीत नाही; लिहिणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून तो पुढे जातो. आणि तिसरा प्रकार सर्वांत सूक्ष्म. नाव जागेवर आहे, नोडही जागेवर आहे, दुवा उघडतो, पान समोर येते; परंतु ज्या गोष्टीसाठी वाचकाला तेथे पाठविले ती गोष्टच तेथून निघून गेलेली आहे, किंवा तिचा अर्थ पालटला आहे. सी भाषेत आधी जाहीर न केलेले फंक्शन वापरले तर जीसीसी पुष्कळ वर्षे केवळ सावधगिरीची सूचना देऊन काम पुढे चालवीत असे. 2024 साली आलेल्या चौदाव्या आवृत्तीपासून, आधुनिक सीच्या पुरते, तीच गोष्ट मुळातच चूक ठरून काम थांबू लागले. 'येथे केवळ सूचना मिळते, तपशील तिकडे पाहा' असे जुन्या काळी कोणी प्रामाणिकपणे लिहून ठेवले असेल, तर त्याचा दुवा आजही निर्वेध उघडेल, आणि वाचणारा मात्र फसेल. येथे यंत्राची काही मात्रा चालत नाही; दोन्ही टोके वाचून ताडून पाहणारा मनुष्यच लागतो.

शब्द खोटा केव्हा होतो, याचा विचार मीमांसकांइतक्या आस्थेने फार थोड्यांनी केला असेल. ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध असते, आणि शब्दात अप्रामाण्य शिरते ते बोलणाऱ्याच्या दोषामुळे, त्याच्या अज्ञानामुळे, प्रमादामुळे वा फसविण्याच्या इच्छेमुळे, असे कुमारिलांचे प्रतिपादन आहे. आणि वेदांना कर्ताच नसल्यामुळे, दोषाला आश्रयच न उरल्याने, ते असत्य होऊ शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. या युक्तिवादाशी आपले मतभेद असोत वा नसोत, त्याची तीक्ष्णता मान्य करावी लागते. पण वर सांगितलेला निर्देश या चौकटीत बसवून पाहावा. त्याला कर्ता होता, कर्ता जाणता होता, सावध होता, सत्यवादी होता. आणि तरीही वाक्य खोटे झाले. म्हणजे वक्त्याच्या दोषाखेरीज असत्याला आणखी एक दार आहे. ते दार म्हणजे काळ. मीमांसकांनी ते आपल्यापुरते आधीच बंद करून घेतले होते, कारण शब्द आणि अर्थ यांचा संबंध जन्मसिद्ध व नित्य आहे असे जैमिनींनी प्रारंभीच सांगून टाकले आहे, आणि जेथे संबंधच नित्य, तेथे काळाला शिरकाव कोठून मिळणार! मार्गदर्शिकेतील नोड आणि त्याचे नाव यांचा संबंध मात्र नैयायिक म्हणतात तसा, संकेताने ठरविलेला आहे. कोणीतरी कधीतरी तो ठरविला. आणि जे ठरविलेले असते ते राखावेही लागते.

निर्देश सत्य राहावेत म्हणून आपल्या परंपरेने योजलेला मोठा उपाय म्हणजे ग्रंथाला हात न लावणे. पदपाठ, क्रमपाठ, जटा, घन अशा आवर्तनांनी वेदाचा एकेक शब्द मागच्यापुढच्याशी जखडून टाकला गेला. पाणिनीची सुमारे चार हजार सूत्रे तर एका अर्थाने केवळ परस्परनिर्देशांवरच उभी आहेत: मागच्या सूत्रातील पद अनुवृत्तीने पुढच्या सूत्रात उतरते, अधिकारसूत्राची सत्ता ठरलेल्या हद्दीपर्यंत चालते, आणि आठव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादाच्या आरंभीचे सूत्र तर तेथून पुढचे सारे कार्य आधीच्या सव्वासात अध्यायांच्या दृष्टीने झालेच नाही असे समजावयास सांगते. येथे निर्देश नावाने केलेला नाही, स्थानाने केलेला आहे. म्हणून एक सूत्र इकडचे तिकडे केले तर त्याच्यावर विसंबलेली कितीतरी सूत्रे मुकी होतील. कात्यायनांना जेथे उणीव दिसली तेथे त्यांनी सूत्रे हलविली नाहीत, वार्तिके लिहिली. ही शिस्त थोर आहे, आणि ज्या शास्त्राचा विषय एकदा निश्चित झाला त्याला ती शोभतेही. परंतु जो ग्रंथ एका जिवंत यंत्राचे वर्णन करतो, आणि ज्याचे यंत्र दर वर्षी नवी आवृत्ती घेऊन येते, त्याला हा मार्ग मोकळा नाही. तो गोठविला तर त्यातील सगळेच असत्य होईल.

ग्रंथ बदलणे अपरिहार्य झाले म्हणजे काय होते ते पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने जवळून पाहिले आहे. 1919 ते 1966 या काळात तेथे महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. विष्णु सीताराम सुकथनकरांसारख्या विद्वानाने 1925पासून तिची धुरा वाहिली, शेकडो हस्तलिखितांच्या तुलनेतून प्रक्षिप्त भाग वेगळा केला गेला, आणि अध्यायांचे व श्लोकांचे अंक साहजिकच बदलले. कलकत्ता किंवा मुंबईच्या छापील प्रतीवरून पिढ्यानुपिढ्या विद्वानांनी जे दाखले दिले होते, ते त्या दिवसापासून जुन्या प्रतीपुरतेच खरे राहिले; आणि अजूनही महाभारताचा अभ्यासक एखाद्या अवतरणाचा आकडा देताना कोणत्या आवृत्तीचा हे सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. शुद्धीचे कार्य जितके मोठे, तितके त्याच्यामुळे अनाथ होणारे निर्देश अधिक. यात दोष कोणाचाच नाही, पण जबाबदारी मात्र उत्पन्न होते.

या जबाबदारीचे स्वरूप काय, याचा विचार करताना मला मीमांसेतील नित्यकर्माची कल्पना सर्वांत जवळची वाटते. काम्य कर्म फळाच्या इच्छेने करावयाचे. नित्यकर्म केल्याने काही मिळत नाही, परंतु न केल्याने प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो. निर्देशांची दुरुस्ती अगदी या जातीची आहे. ती केल्याने कंपाइलर अधिक वेगवान होत नाही, त्यात नवा गुण येत नाही, वाचकाला ती झाल्याचे कळतही नाही, कारण नीट लागलेल्या दुव्याची जाणीव कोणालाच होत नसते. आणि न केल्याने होणारे नुकसान मात्र संथपणे साचत जाते. ज्यांना कर्तृत्वाचे समाधान फळातच शोधण्याची सवय झालेली आहे, त्यांना हे काम रुक्ष वाटते, आणि ते पुढे ढकलले जाते. मला याबद्दल मनापासून वाईट वाटते, कारण ज्ञानाच्या व्यवहारातील पुष्कळशी पवित्र कामे याच वर्गात मोडतात.

परंतु येथे आचार्यांनी घेतलेला आक्षेप टाळून पुढे जाता येत नाही. शंकराचार्य विचारतात की, न करणे म्हणजे केवळ अभाव. आणि अभावातून प्रत्यवायासारखी भावरूप वस्तू निर्माण होईल कशी? नित्यकर्माचे न करणे हे फार तर पूर्वी साचलेल्या दुरिताचे लक्षण आहे, कारण नव्हे, असे ते तैत्तिरीयभाष्यात सुचवितात. मला या आक्षेपाने आपल्या प्रश्नाची गाठ अधिक स्पष्ट दिसते. मोडका निर्देश हा कोणाच्या नुसत्या स्वस्थ बसण्यातून उत्पन्न झालेला नसतो. कोणीतरी काहीतरी केलेले असते. नोडचे नाव बदलले, एक पर्याय दुसऱ्यात विलीन केला, पूर्वी जेथे सूचना होती तेथे चूक ठरविली. ते कृत्य योग्यच होते, पण ते अर्धे राहिले. जमिनीची खरेदी झाली, पैसे मोजले गेले, कबजाही मिळाला, आणि सातबाऱ्यावर फेरफार नोंदवायचा तेवढा राहून गेला, तर पुढे उद्भवणारे तंटे त्या न झालेल्या नोंदीतून उद्भवले असे आपण म्हणतो खरे. वस्तुतः ते अपुऱ्या राहिलेल्या व्यवहारातून उद्भवलेले असतात. आचार्यांचे म्हणणे येथे शब्दशः लागू पडते: तुटलेला दुवा हे लक्षण आहे, आणि कारण त्या आधीच्या अपूर्ण कृतीत आहे. म्हणूनच जीसीसीच्या कामात, वर्तन बदलणाऱ्या फेरफाराबरोबरच मार्गदर्शिकेतील बदलही सादर व्हावा अशी जी अपेक्षा असते, तिला मी केवळ कार्यालयीन शिस्त मानत नाही. दोन्ही मिळून एकच कर्म आहे.

एके ठिकाणी मात्र ही तुलना अपुरी पडते, आणि ते मान्य केले पाहिजे. संध्या चुकविणाऱ्याला लागणारा प्रत्यवाय त्याचा त्यालाच लागतो; येथे तो तिसऱ्यालाच लागतो. 2020 साली आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून जीसीसी आपल्या सूचनेच्या शेवटी ज्या पर्यायाचे नाव छापतो, त्या नावातच मार्गदर्शिकेचा दुवा गुंफू शकतो. टर्मिनल तशा सोयीचे असेल तर त्या नावावर टिचकी मारून वाचक थेट त्या परिच्छेदाशी पोहोचतो. असा दुवा उघडणारा बहुधा अडलेला असतो. त्याला आपला प्रोग्रॅम का अडला हे ठाऊक नसते, मार्गदर्शिकेचा इतिहास तर मुळीच ठाऊक नसतो, आणि चुकीच्या जागी पोहोचल्यावर तो मार्गदर्शिकेला दोष न देता स्वतःच्या समजुतीलाच दोष देतो. ज्याचा या व्यवहारात काडीचा सहभाग नाही, त्याच्या आत्मविश्वासावर दुसऱ्याच्या अपूर्ण कृतीचा भार पडावा, हे मला या प्रकरणातील खरोखर नैतिक दुखणे वाटते. ऋषिऋण स्वाध्यायाने फिटते असे सांगितले आहे. परंतु ऋषींकडून जे मिळाले ते पुढच्याच्या हाती वाचण्याजोग्या स्थितीत देणे हेही त्यात येत असले पाहिजे, असे माझे मत आहे.

मूळ कर्ता निघून गेलेला असतो, पुष्कळदा त्याचा ठावठिकाणाही उरत नाही. मग अधिकार कोणाचा? नित्याबरोबर शास्त्राने नैमित्तिक कर्मही सांगितले आहे, जे निमित्त उपस्थित झाले म्हणजेच प्राप्त होते; ग्रहण लागले की स्नान. ज्याच्यावर मार्गदर्शिकेची देखभाल सोपविलेली आहे त्याला ही दुरुस्ती नित्य आहे. वाटसरूला ती नैमित्तिक आहे, आणि मोडका निर्देश डोळ्यांस पडणे हेच त्याचे निमित्त.

करण्याची रीत मात्र घाईची नसावी. नवे नाव जुन्याच्या जागी बसविले की मेकइन्फोची हरकत थांबते, आणि तेवढ्यावर समाधान मानणारे पुष्कळ असतात. परंतु आधी, लिहिणाऱ्याला वाचकाला कोठे न्यावयाचे होते आणि कशासाठी, हे त्या वाक्यावरून व बदलांच्या नोंदीवरून शोधावे लागते. कधी असे आढळते की तो विषय दोन नोडांत विभागला गेला आहे, आणि मग निर्देशही दोन करावे लागतात. कधी तो विषयच उरलेला नसतो. अशा वेळी निर्देश काढून टाकून वाक्य स्वतःच्या पायांवर उभे करणे हाच प्रामाणिक मार्ग. आणि नाव बदलणे प्राप्तच असेल, तर टेक्सइन्फोत अँकर नावाची एक आज्ञा आहे, तिने जुने नाव नव्या जागेवर खूण म्हणून ठेवता येते. म्हणजे दुसऱ्या कोणत्या ग्रंथात, कोणाच्या टिपणात, आपल्याला कधीही न दिसणाऱ्या ठिकाणी त्या जुन्या नावाने जो निर्देश लिहिलेला असेल, तोही योग्य जागी येऊन पोहोचतो.