आजी किती काळी?

माझं आजोळ इनामगाव, शिरूर तालुक्यातलं, घोड नदीकाठचं. तिथं मी आजीचे फोटो काढले. १२० फिल्मच्या रोलवर सहा बाय सहाचे बाराच फोटो निघतात, त्यामुळे फिल्म आधीच विचार करून निवडली होती : ऑर्थो. तिला लाल रंग दिसत नाही. लाल-तांबूस ते सगळं गडद होतं. उन्हानं रापलेली कातडी आणखी काळवंडते, सुरकुत्या खोल होतात. वर डेव्हलपर वापरला रॉडिनल, म्हणजे कडा धारदार, ग्रेन ठळक.

इन्स्टावर फोटो खूप चालला. 'किती कष्ट सोसलेत या माऊलीनं,' असं अनोळखी लोक लिहीत होते.

आजीनं प्रिंट हातात घेतली. "ही मी व्हय गं? जलमभर उपाशी ठेवल्यावानी दिसतीय. मी काय उपाशी हुते?"

"जे आहे तेच आलंय, आजी," मी म्हणाले. ते खरं नव्हतं.

याच गावात डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. त्यात जोर्वे संस्कृतीची तीनेक हजार वर्षांपूर्वीची भांडी सापडली : तांबूस अंग, त्यावर काळी नक्षी. असं भांडं ऑर्थोवर टिपलं तर अंगही काळं पडेल आणि नक्षी त्यात बुडून जाईल. पॅनक्रोमॅटिक फिल्म घेऊन लाल फिल्टर लावला तर अंग उजळेल, नक्षी उठून दिसेल. पहिल्या फोटोला आपण सरळ फसलेला म्हणू. मग आजीच्या चेहऱ्यावरचा तोच काळेपणा मला कला का वाटला?

तटस्थ फिल्म असती तर प्रश्न मिटला असता. पण कुठला लाल किती करडा दिसावा, हे प्रत्येक फिल्ममध्ये कुणीतरी ठरवलेलंच असतं. तुमच्या फोनमध्येही, तो चेहरा गुळगुळीत करतो तेव्हा ती निवड तुमच्या आधी दुसऱ्यानं केलेली असते. निवड टळत नाही, म्हणूनच तिची जबाबदारीही टळत नाही. माझी चूक ऑर्थो निवडण्यात नव्हती. आजीला न ओळखणाऱ्यांना काय आवडेल हे बघून मी तिचा चेहरा ठरवला, आणि वर त्याला वास्तव म्हटलं.

पुढच्या खेपेला एचपी५ भरली, डी-७६ मध्ये धुतली. या जोडीत करड्या छटा सावकाश उतरत जातात. आजी नथ घालून ओसरीवर बसली. तो फोटो आता भिंतीवर आहे.

तोच तेवढा खरा, असंही मी म्हणणार नाही. पहिल्या फोटोतले खुरपून खुरपून राठ झालेले हात खरेच आहेत. ती निगेटिव्ह मी जपून ठेवली आहे. इन्स्टावरचा फोटो मात्र काढून टाकला. पुन्हा कुणाला दाखवायचा झाला तर आधी आजीला विचारेन, आणि ती नको म्हणाली तर वाद घालणार नाही.