शिक्षेच्या आधीचा प्रश्न

नाशिक तालुक्यातल्या एका वस्तीवर ५ जून २००३ च्या रात्री दरोडा पडला. पाच जणांचा जीव गेला. एका स्त्रीवर आणि एका अल्पवयीन मुलीवर सामूहिक बलात्कार झाला. गावाचं, कुटुंबाचं नाव इथे लिहीत नाही. पीडितेची ओळख उघड करू नये असं कायदा सांगतो, आणि मनालाही तेच पटतं.

पकडले गेले ते भटक्या जमातीतले सहा जण. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय फाशी अमलात येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम केली, तिघांची जन्मठेपेवर आणली. त्या तिघांनाही फाशीच हवी म्हणून सरकार अपिलात गेलं आणि ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं म्हणणं मान्य केलं.

अपिलात साक्षीदार समोर उभा राहत नाही. न्यायमूर्तींपुढे असतं ते पेपरबुक: जबाब, पंचनामे, वैद्यकीय अहवाल. शिक्षेवर युक्तिवाद सुरू झाला की नजर क्रौर्यावर खिळते. इथलं क्रौर्य तर वाचवत नाही असं. पण कृत्य कितीही भयंकर असलं, तरी ते याच माणसांनी केलं का, हे त्यातून ठरत नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या बच्चनसिंग निकालाने सांगितलंय की फाशी देताना गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही पाहावा. केवळ गुन्हा पाहून फाशी देणं या निकालाशी विसंगत आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने मे २००९ मध्ये, म्हणजे दोनच आठवड्यांनी, वेगळ्या प्रकरणात स्पष्ट केलं. या सहा जणांना त्याचा लगेच काही उपयोग झाला नाही.

वाट उघडली ती २०१४ मध्ये. फाशीच्या प्रकरणातली पुनर्विचार याचिका खुल्या न्यायालयात, तीन न्यायमूर्तींपुढे ऐकावी, असं तेव्हा ठरलं. त्याआधी अशा याचिका बंद दालनात कागदांवरच निकाली निघत. त्यानुसार २०१८ मध्ये २००९ चा निकाल मागे घेतला गेला, अपिलं नव्याने ऐकली गेली, आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. जो एक कागद नीट वाचायला हवा होता, तो पहिल्यापासून तपासातच होता. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी स्त्रीने घटनेनंतर लगेचच पोलिसांकडच्या सराईत गुन्हेगारांच्या फोटोंतून चौघांना ओळखलं होतं. ते चौघे या सहांपैकी नव्हते.

बलात्काराच्या खटल्यात अपिलाकडे आपण बहुतेकदा शिक्षा वाढली की कमी झाली, एवढ्यासाठीच पाहतो. वाढली तर न्याय, कमी झाली तर अन्याय. मला हे मोजमाप मान्य नाही. २००९ मध्ये शिक्षा वाढली, तेव्हा त्या स्त्रीला न्याय मिळाल्यासारखं अनेकांना वाटलं असेल. प्रत्यक्षात तिने दाखवलेली माणसं त्याच दिवशी आणखी लांब गेली. म्हणून अपिलाची पहिली तपासणी दोषाची, आणि तीही शिक्षा जितकी कठोर तितकी कसून व्हायला हवी. असं वाचन आरोपीइतकंच पीडितेच्याही हक्काचं आहे.

निर्दोष सोडताना न्यायालयाने या सहांपैकी प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई आणि दोषी अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला. तोवर या माणसांची सुमारे सोळा वर्षं तुरुंगात गेली होती. फोटोंतल्या त्या चौघांवर आरोपपत्र कधी दाखलच झालं नव्हतं.