निवडलेली तहान

सोलापूर जिल्ह्यात ‘वाळवंट’ म्हटले की पंढरपूरचे, चंद्रभागेचे वाळवंट डोळ्यांसमोर येते. तेथे माणूस एकटा नसतो. टाळमृदंगाच्या गजरात हजारोंतील एक होऊन तो उभा असतो. पवित्र शास्त्रातील वाळवंट याच्या अगदी उलट. हागारेने तेथे तान्हेल्या लेकराला झुडपाखाली ठेवून आक्रोश केला, एलिया तेथे मरण मागत झाडाखाली निजला आणि प्रभू येशूने तेथे चाळीस दिवस उपवास केला. मनुष्य एकटा पडला म्हणजे त्याच्यापाशी काय शिल्लक राहते, हे कळण्याची ती जागा. अशा वाळवंटात स्वेच्छेने जावे काय, आणि गेल्यास त्याचे मोल कोणी द्यावे, हा प्रश्न एका प्रायश्चित्तकाळात आमच्यापुढे अनपेक्षितपणे उभा राहिला. त्याचाच ऊहापोह येथे करावयाचा आहे.

सायकलीवरून दूरदेशी जाण्याचे वेड आपल्याकडे नवे नाही. 1923 साली मुंबईहून सहा पारशी तरुण जगप्रदक्षिणेस निघाले. आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे ती पुरी करून 1928 साली परतले. 2018 साली पुण्याची वेदांगी कुलकर्णी ही विशीतील तरुणी ऑस्ट्रेलियातील पर्थहून निघाली आणि 14 देशांतून सुमारे 29,000 किलोमीटरचे अंतर 159 दिवसांत तोडून डिसेंबरात कोलकात्यास पोहोचली. वाटेचा बहुतांश भाग तिने एकटीने कापला. पर्थहून पूर्वेकडे जाताना नलारबोरचे पठार लागते. ‘एकही झाड नाही’ असा त्या नावाचाच अर्थ. तेथील महामार्ग एके ठिकाणी सुमारे 146 किलोमीटर एकही वळण न घेता धावतो. असे वृत्तान्त वाचताना आमच्या पन्नाशी उलटलेल्या मनालाही वाटले की, आपणही एक दिवस असा काढावा. मुक्काम दूरचा नको, सोबतीला कोणी नको. फक्त ऊन, रस्ता आणि प्रार्थना.

म्हणून मार्च महिन्याच्या अखेरीस, झावळ्यांच्या रविवारापूर्वीच्या आठवड्यात, आम्ही सोलापूरहून मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागलो. अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. सोलापूरचा मुलूख काही सहारा नव्हे. परंतु शाळू निघाल्यावर काळी राने भेगाळून उघडी पडतात, सावलीला बाभळीखेरीज काही उरत नाही आणि पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा वाळवंटाची कल्पना करण्यास फारसे कष्ट पडत नाहीत. तिऱ्ह्याला सीना ओलांडली तोवर मन प्रसन्न होते. कामती मागे पडल्यावर बाभळीच्या काट्याने मागचे चाक बसले. सायकल हातात धरून चालू लागलो आणि अकराच्या सुमारास दोन्ही बाटल्या रिकाम्या झाल्या.

रस्त्यापासून थोडे आत एक वस्ती होती. डोईवर हंडा घेतलेल्या एक वृद्ध बाई अर्ध्या कोसावरच्या हापशावरून नुकत्याच परतत होत्या. आमच्याकडे पाहताच त्यांनी हंडा उतरवला आणि तांब्या पुढे केला. आम्ही दोन तांबे प्यालो, तोंडावर पाणी मारले, बाटल्या भरून घेतल्या. त्यांनी विचारले, “एवढ्या उन्हाचं सायकलवर? यष्टी चुकली व्हय मास्तर?” आम्ही म्हणालो, “नाही आजी, मुद्दामच निघालो. आमचे उपवासाचे दिवस आहेत.” “मुद्दाम?” एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही नोट पुढे केली, तेव्हा “पाण्याचं पैसं घेत न्हाईत” म्हणून त्यांनी ती परत केली. मग हंड्यात डोकावून पाहिले, उरलेले पाणी घरातल्या घागरीत ओतले आणि रिकामा हंडा घेऊन त्या पुन्हा हापशाच्या वाटेला लागल्या.

वाचकहो, आमची तहान निवडलेली होती. तिच्यापायी त्या बाईंना भर उन्हात दुसरी खेप करावी लागली, आणि ती खेप त्यांनी निवडलेली नव्हती.

येथे कोणी म्हणेल की, मग असली तपश्चर्या म्हणजे भरल्या पोटाचा खेळच ठरतो. ज्या जिल्ह्याने 1972 चा दुष्काळ पाहिला, जेथे 117 टीएमसीचे उजनी धरण असूनही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्त्या असतात, तेथे हौसेने तहान भोगण्यास साधना म्हणणे ही गरिबांची थट्टा आहे. हा आक्षेप आम्हांस हलका वाटत नाही. मात्र तो संपूर्णपणे मान्यही करवत नाही. ज्याने कधीच काही सोडले नाही, त्याला दुसऱ्याच्या उणिवेची जाणीव पुस्तकातूनच होणार. देहाला थोडी झळ लागल्यावाचून मन जागे होत नाही, हा ख्रिस्तसभेचा जुना अनुभव आहे.

दोष तहान निवडण्यात नाही. निवडलेली आणि लादलेली तहान एकच मानण्यात आहे. “आता मला गरिबांचे दुःख कळले”, असे म्हणणे खोटे आहे. आमच्या खिशात नोट होती आणि मंगळवेढ्याहून परतीची एसटी होती. ज्याला केव्हाही परत फिरता येते, त्याचे वाळवंट वेगळे. दुसरा दोष म्हणजे आपण एकटे आहोत असे समजण्याचा. वाळवंटातून जाणारा एकटा प्रवासी कोणीतरी भरून ठेवलेल्या पाण्यावरच जगत असतो.

ही गोष्ट संत शार्ल द फुको यांना फार मोठी किंमत देऊन कळली. सहारातील तामनरासे येथे 1905 साली ते एकांतवासासाठी व सेवेसाठी जाऊन राहिले. दुष्काळ पडला, जवळचे धान्य त्यांनी वाटून टाकले आणि 1908 च्या आरंभी ते स्वतःच अंथरुणाला खिळले. तेव्हा त्यांच्या तुआरेग मुसलमान शेजाऱ्यांनी आसपासच्या शेळ्यांचे मिळेल तेवढे दूध गोळा करून त्यांना जगविले. देण्यासाठी गेलेल्याला घ्यावे लागले. 2022 साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले.

आमच्या सोलापूरची परंपराही काही निराळे सांगत नाही. बाराव्या शतकातील सिद्धराम लहानपणी गुरे राखीत असता मल्लिकार्जुन भुकेल्या जंगमाच्या रूपाने त्यांच्यापुढे आला, दहीभात आणावयास ते घरी गेले आणि परत येऊन पाहतात तो पाहुणा नाहीसा झालेला. त्याच्या शोधात ते रडत श्रीशैलापर्यंत गेले. तेथे देव भेटला. परंतु त्याने त्यांना तेथे ठेवून घेतले नाही, गावी परत पाठविले. परतून त्यांनी लोकांना हाताशी धरून तलाव खोदला. तो सिद्धेश्वर तलाव आजही शहराच्या मध्यभागी आहे.

शुभवर्तमानातही हाच क्रम दिसतो. रानात भुकेलेल्या प्रभूने स्वतःसाठी धोंड्याची भाकर केली नाही. पुढे ओसाड जागी पाच हजार माणसे उपाशी बसली, तेव्हा मात्र त्याने भाकरी मोडून वाटल्या. आणि अखेरीस क्रूसावर, जेथून परत फिरणे नव्हते, त्याने आपली तहान उघड बोलून दाखविली व शत्रूच्या हातची आंब स्वीकारली. निवडलेला उपवास खरा की खोटा, हे तो संपल्यानंतर कळते.

आता आमच्याविषयी. आमच्या शहरातही नळाला रोज पाणी येत नाही. मंदिराच्या आवारात मात्र बोअर आहे, आणि तिला बारमाही पाणी आहे. त्या दिवसाच्या आदल्या वर्षी भिंतीपलीकडच्या वस्तीतील बायका पाणी मागावयास आल्या होत्या. भांडणे होतील, चिखल होईल, मोटर जळेल, अशी कारणे सांगून आम्ही त्यांना परत पाठविले होते. ती कारणे खोटी नव्हती. परंतु आमच्यापैकी कोणीही तेव्हा त्यांचे हंडे मोजले नव्हते.

पुनरुत्थानाच्या सणानंतर भिंतीच्या बाहेरच्या बाजूस दोन तोट्या बसविल्या. आठवड्याभरात भांडण झाले, चिखल झाला, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी मोटरही एकदा जळाली. धर्मग्राममंडळाच्या बैठकीत खर्चाचा विषय अजून निघतो व निघणारच. यात आमचे पुण्य काही नाही; दिलेले पाणी जमिनीचे आहे आणि ते आधीच द्यावयास हवे होते. सायकल अजून आहे, आणि पुढच्या प्रायश्चित्तकाळातही आम्ही निघू. मात्र त्या वस्तीवर थांबलो, तर आमच्या वाटणीचा हंडा हापशावरून आम्हीच भरून आणू, एवढे ठरविले आहे.