दुःखाच्या दिवसांत पांखरांचें गाणें

घरांत दुःख असतां मनास क्षणभर आनंद वाटूं देणें योग्य कीं अयोग्य, हा प्रश्न पुष्कळांच्या मनांत येतो. तोंडानें मात्र तो थोडेच विचारितात. पीक हातचें गेलेलें असतें, डोक्यावर देणें असतें, किंवा घरचें माणूस नुकतेंच गेलेलें असतें. आणि अशा एका पहाटे परसांतल्या शेवग्यावर दयाळ गाऊं लागतो. कान आपोआप तिकडे जातो, मन हलकें होतें. आणि दुसऱ्याच क्षणीं तेंच मन टोंचून म्हणतें, ‘तुला लाज कशी वाटत नाहीं?’

आम्हांस वाटतें, ही लाज अनाठायीं आहे. मनाचा समतोल म्हणजे मनाचा रितेपणा नव्हे. तराजूचीं दोन्ही पारडीं रिकामीं असलीं तरी तीं सारखींच दिसतात. पण अशा तराजूनें कोणाचें धान्य जोखलें जात नाहीं. ज्याला दुःखही होतें आणि आनंदही होतो, त्याचेंच मन जिवंत आहे. डोंगरावरील प्रवचनांत प्रभूनें पांखरांकडे पाहावयास सांगितलें, तें अन्नवस्त्राची चिंता करणाऱ्यांस सांगितलें; निश्चिंत लोकांस नव्हे.

आपल्या सातारा व सांगली जिल्ह्यांस दुःखाची ओळख नाहीं असें नाहीं. माण, खटाव, आटपाडी, जत येथें पाऊस वारंवार पाठ फिरवितो. सन १९७२ चा दुष्काळ वृद्ध मंडळी अद्याप विसरलीं नाहींत. उलट सन २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत कृष्णेचा महापूर सांगलीच्या घराघरांत शिरला. तरी वैशाखाच्या भर दुपारीं वडावर तांबट आपलें टुक्-टुक् सोडीत नाहीं, आणि मृगाच्या तोंडावर पावशा ‘पेर्ते व्हा’ म्हणून हांक देतोच. त्या हांकेनें पाऊस येत नाहीं, हें शेतकरी जाणतो. नर पक्षी आपल्या जोडीदारणीस बोलावीत असतो, आपली जागा राखीत असतो. तो आपणांसाठीं गात नाहीं. म्हणूनच त्याचें गाणें ऐकल्याबद्दल आपण कोणाचें देणें लागत नाहीं.

शास्त्रज्ञांनींही याचा शोध केला आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजांतील संशोधकांनीं १,२९२ लोकांच्या नोंदी तपासून सन २०२२ मध्यें प्रसिद्ध केलें कीं, पक्षी दिसले अथवा ऐकूं आले म्हणजे लोकांस अधिक बरें वाटतें, व तो परिणाम कांहीं तास टिकतो. खिन्नतेचा विकार असलेल्यांतही हेंच आढळलें.

परंतु येथें एक धोका आहे. शेजाऱ्याची चूल पेटली नसतां त्यास ‘पांखरांचें गाणें ऐक’ असें सांगणें ही त्याची थट्टा होय. मग निर्दोष आनंद कोणता व स्वार्थी कोणता, हें ओळखावें कसें? आमच्या मतें त्याची कसोटी एकच: त्या आनंदानें कान उघडतो कीं मिटतो? सन १९१७ मध्यें साताऱ्यास येऊन राहिलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांस महाराष्ट्र फुलांमुलांचे कवि म्हणतो. पण ‘केवढें हें क्रौर्य’ ही घायाळ पक्षिणीची व्यथा सांगणारी कविताही त्यांचीच. जो कान गाण्यानें सुखावला, त्याच कानास कण्हणेंही ऐकूं आलें. ज्याला पहाटेचा दयाळ ऐकूं येतो, पण भिंतीपलीकडील विधवेचें रडणें ऐकूं येत नाहीं, त्यानें आपला आनंद तपासून पाहावा.

हेंही सांगितलें पाहिजे कीं, सर्वच दुःख गाण्यानें हलकें होत नाहीं. आठवडेच्या आठवडे झोंप व अन्न गोड लागत नसेल, जगणें नकोसें होत असेल, तर तो विश्वासाचा उणेपणा समजूं नये; तो आजार आहे. अशा मनुष्यास डॉक्टरांकडे न्यावें. सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते.

बाकी आपण सर्वांनीं उद्यां पहाटे काम सुरू करण्यापूर्वीं थोडा वेळ अंगणांत उभें राहावें. किती प्रकारचे आवाज येतात तें मोजावें. आणि मग, कान उघडे आहेत तोंच, शेजाऱ्याच्या दारीं जाऊन त्याची विचारपूस करावी.